मडक्यातलं घड्याळ

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या घरी नवी केरसुणी पाटावर यायची. तिला हळदकुंकू लागायचं, फूल वाहिलं जायचं आणि चुकून पाय लागला तर आजी नमस्कार करायला लावायची. त्याच आजीसमोर 'शिंदी' हा शब्द काढला की तिचा चेहरा बदलायचा. गल्लीच्या तोंडाशी शिंदीचं दुकान होतं. तिथून जाताना मान वळवायची नाही, असा तिचा दंडक. केरसुणी ज्या झाडाच्या पानांची, शिंदी त्याच झाडाच्या रसाची, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. एकाच झाडाची पानं देव्हाऱ्यापाशी आणि रस उंबऱ्याबाहेर!

सोलापूरच्या आसपास ओढ्याकाठी, बांधावर, पडीक रानात हे झाड अजून दिसतं. अरबी खजुराचं हे आपल्याकडचं रानटी भावंड. फळाला गर कमी, बीच मोठी. पण त्याच्या रसाला या गावात तीन भाषांत नावं आहेत, कारण गावच तीन भाषांचं. मराठीत शिंदी, कानडीत सेंदी, आणि पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांच्या तेलुगूत कल्लू. तेलंगणातून मागासाठी आलेल्या माणसांनी आपल्या देवांबरोबर आणि चटण्यांबरोबर या पेयाची चवही आणली. जुनी गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली, तिच्या मागून आणखी गिरण्या आल्या. दिवसभर सुताचा कोंडा गिळून बाहेर पडलेल्या गळ्याला काहीतरी ओलं, आंबूस आणि स्वस्त हवं असे. ते गावाबाहेरच्या झाडावर तयार होतं.

थंडीतल्या एका पहाटे मी अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला असं झाड जवळून पाहिलं. खोडाकडे बघतच राहिलो. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशा खाचा चढत गेलेल्या. जणू कुणी त्या खोडात जिना कोरला होता. झाडावरून उतरलेल्या माणसानं कमरेचा दोर सैल केला आणि माझी नजर ओळखून म्हणाला, "मोजा की. जितक्या खाचा, तितकी वर्षं झाड कामाला आहे."

हे शब्दशः खरं आहे. आंबा-लिंबाच्या खोडाला जखम झाली तर सालीखालचा वाढीचा थर हळूहळू ती भरून काढतो. ताडकुळातल्या झाडांना असा थरच नसतो. त्यांचं खोड एकदा जाड झालं की पुढं फक्त उंच होतं, त्यामुळे त्यावरची खाच जन्मभर राहते. रस काढणारा दरवर्षी शेंड्याजवळच्या एका बाजूची पानं छाटतो, तिथली साल तासतो, कोवळ्या भागात खाच घेतो आणि पुढच्या वर्षी समोरची बाजू धरतो. झाड वर सरकतं, खाचा खाली राहतात. वहीत हिशेब ठेवायचं कारणच नाही.

रस येतो कुठून? पानांनी उन्हात बनवलेली साखर झाड शेंड्याकडे आणत असतं, कारण नवं पान आणि मोहोर तिथूनच फुटायचा असतो. या झाडाला फांद्या नाहीत, डोळा एकच. सारं भांडवल त्या एका जागी. खाच घेणारा त्या भांडवलाच्या वाटेवर हात घालतो, पण डोळ्याला धक्का लावत नाही. कोयता बोटभर जास्त खोल गेला तर झाड संपलं. कमी गेला तर मडकं कोरडं. शिवाय झाडही गप्प बसत नाही, कापलेली जागा ते बुजवू पाहतं. म्हणून ती पुन्हा पुन्हा पातळ तासावी लागते आणि मध्ये काही दिवस झाडाला विसावाही द्यावा लागतो. ताडाचं तंत्र निराळं, तिथं खोडाला हात न लावता मोहोराचा दांडा रोज कापतात. कोकणातल्या माडाचीही तीच रीत. गोव्यात हे काम करणारा रेंदेर, कोकणात भंडारी, तेलंगणात गौड. झाडं वेगळी, जाती वेगळ्या, पण हाताचा अंदाज तोच.

त्या पहाटे मडक्यातून पेल्यात ओतलेला रस पाण्यासारखा निवळ होता. घोट घेतला तर गोड, थंड, किंचित धुरकट वासाचा. शंभर ग्रॅम रसात साधारण दहा-बारा ग्रॅम साखर असते. ही नीरा. पेला हातात घेऊन मी गप्पा मारत बसलो. अर्ध्या-पाऊण तासानं पुन्हा तोंडाला लावला तर जिभेच्या टोकावर बारीकशी चुणचुण झाली. त्या माणसानं मडकं कानाशी नेलं, मग मीही ते कानाजवळ धरलं. आतून अगदी हलका सरसर आवाज येत होता.

आत घड्याळ सुरू झालं होतं.

झाडाच्या आत असताना रस स्वच्छ असतो. कापलेल्या जागेवर आला की त्यावर हवेतली धूळ बसते, मुंग्या-माश्या येतात आणि सगळ्यांच्या पायाला यीस्टच्या पेशी चिकटलेल्या असतात. त्यात मडकं कालचंच असेल तर बघायलाच नको. त्याच्या छिद्राछिद्रांत कालच्या रसातली मंडळी दबा धरून बसलेली असतात. आपल्या घरातल्या दह्याचं विरजण आणि शिंदीचं मडकं यांत तत्त्वाचा काहीच फरक नाही. ऊब आणि साखर मिळाली की यीस्टची पेशी दीड-दोन तासांत एकाची दोन होते. संध्याकाळी एक पेशी असेल, तर बारा तासांनी शंभराच्या आसपास. कडाक्याच्या थंडीत हा वेग मंदावतो, म्हणून पहाटेची नीरा थंडीतच खरी गोड लागते.

साखरेचं होतं काय, हा हिशेब फार सुंदर आहे. १८० ग्रॅम ग्लुकोज यीस्टनं खाल्लं तर त्यातून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे वजनानं जवळजवळ निम्मी साखर वायू होऊन उडून जाते. कानाला ऐकू आली ती सरसर त्याचीच. पण मडक्यात यीस्ट एकटं नसतं. लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू, म्हणजे दह्याचेच नातलग, सोबत कामाला लागतात आणि रसाला आंबटपणा देतात. तिसरा गडी आहे झायमोमोनास नावाचा जिवाणू. साखरेपासून अल्कोहोल करण्यात तो यीस्टइतकाच तरबेज, आणि त्याची पद्धत इतकी निराळी की शास्त्रज्ञ आजही तिचा अभ्यास करतात. या तिघांच्या मेहनतीनं दिवसभरात रस दुधट, फेसाळ होतो आणि त्यातलं अल्कोहोल चार-पाच टक्क्यांच्या आसपास पोचतं. मग चौथा येतो. अल्कोहोल आणि हवा मिळाली की व्हिनेगर करणारे जिवाणू जागे होतात. दुसऱ्या दिवशी त्याच मडक्यात नाक मुरडायला लावणारं आंबटढाण पाणी उरतं.

पहाटे नीरा, दुपारनंतर शिंदी, दुसऱ्या दिवशी शिरका. तीन पेयं, एकच मडकं. बाटलीबंद होऊन कुठल्या दुकानाच्या फळीवर महिनाभर बसणं याच्या नशिबी नाही.

हे सगळं मला नीट समजलं ते मात्र सोलापुरात नाही. माझा भाचा मँचेस्टरजवळच्या एका जुन्या गिरणगावात राहतो. गिरण्या केव्हाच बंद झाल्या. उरली आहेत ती लाल विटांची, एकाला एक चिकटून बांधलेली कामगारांची घरं. त्या घरांच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांएवढा एक पब. बाहेर दिव्याखाली पाटी, आत लाकडी बाकं, कोपऱ्यात पेपर वाचणारे दोन म्हातारे, एक झोपलेला कुत्रा. सगळे एकमेकांना नावानं ओळखणारे. संगीत नाही, टीव्ही नाही. जुनी गिरणी सुटल्यावरच्या सोलापूरचा एक तुकडा इथं येऊन थंडीत कुडकुडतोय, असं मला वाटून गेलं.

काउंटरवर तीन उंच दांडे उभे होते. काउंटरमागच्या बाईंनी एक दांडा दोन्ही हातांनी, विहिरीचा हापसा ओढावा तसा ओढला आणि पेला भरला. तांबूस रंग, वर बोटभर साय. ५६८ मिलिलिटरचा इंग्रजी पाइंट. मी घोट घेतला आणि भाच्याकडे पाहिलं.

"ही थंड नाही रे. आणि फसफसतही नाही. शिळी दिली का?"

"मामा, ती जिवंत आहे," भाचा हसला. "पिपात अजून यीस्ट काम करतंय. चला, खाली दाखवतो."

बाईंची परवानगी घेऊन आम्ही तळघरात उतरलो. बाहेरच्या हिवाळ्यापेक्षा उबदार आणि आपल्या उन्हाळ्यापेक्षा खूपच गार. अकरा ते तेरा अंशांच्या मधली ही ऊब वर्षभर सांभाळावी लागते. लाकडी घोडीवर धातूची पिपं आडवी निजलेली होती. या पिपात नऊ इंग्रजी गॅलन, म्हणजे सुमारे ४१ लिटर बिअर मावते. बरोबर ७२ पाइंट. मद्याच्या कारखान्यातून ती निघते तेव्हा तिचं आंबणं पूर्ण झालेलं नसतं. थोडी साखर, थोडं यीस्ट आत ठेवूनच पीप बंद करतात. उरलेलं काम पबच्या तळघरात पूर्ण होतं. पिपाच्या पोटावर एक भोक असतं, त्यात आधी मऊ लाकडाची खुंटी ठोकतात. तिच्या धाग्यांमधून जादा वायू फुसफुसत बाहेर जातो. फुसफुस थांबली की ती काढून कठीण लाकडाची खुंटी बसवतात, म्हणजे उरलेला वायू आत मुरतो. किती वेळ मऊ, कधी कठीण, याला यंत्र नाही. तळघर सांभाळणारा माणूस खाली येतो, कान लावतो, वास घेतो आणि ठरवतो.

मला झाडावरून उतरलेला तो माणूस आठवला. त्यानंही मडकं कानाशी नेलं होतं.

गढूळ यीस्ट तळाला बसावं म्हणून पिपात माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला चिकट पदार्थ घालण्याची जुनी पद्धत आहे. "म्हणजे तुमची शिंदी शुद्ध शाकाहारी आणि ही मांसाहारी," भाचा म्हणाला. आजीला हा युक्तिवाद पटला नसता, पण ऐकवायला हवा होता.

वरचे ते दांडे म्हणजे साधे हातपंप. तळघरातली बिअर वायूच्या दाबानं न ढकलता हातानं ओढायची, यासाठी. अशा पंपाचं पेटंट १७९७ मध्ये जोसेफ ब्रामानं घेतलं. ब्रामा कुलपं करणारा कारागीर, आणि द्रवाच्या दाबावर चालणारी प्रेस शोधणाराही तोच. त्या प्रेसच्या तत्त्वावर पुढं कापसाच्या गाठी दाबल्या जाऊ लागल्या. म्हणजे गिरणीत येणारी कापसाची गाठ आणि गिरणी सुटल्यावर हातात येणारा पेला, दोन्हींत एकाच डोक्याची करामत.

पीप एकदा उघडलं की आत हवा जाते आणि घड्याळ सुरू होतं. तीन दिवसांच्या आसपास ते संपवायचं, नाहीतर बिअर आंबट होते. शिंदीला एक दिवस, इंग्रजी पिपाला तीन. हे दोन दिवस जास्तीचे आले कुठून? थोडे तळघराच्या गारव्यातून आणि थोडे हॉप नावाच्या वेलीच्या फुलांतून. बिअरचा कडवटपणा या फुलांचा. पण त्यांची खरी गंमत अशी की त्यांतली कडू आम्लं दह्याच्या जातीच्या जिवाणूंना रोखतात आणि यीस्टला मात्र जवळपास हातही लावत नाहीत. मडक्यातल्या तिघांपैकी एकाला दाराशी अडवून दुसऱ्याला आत घेणारा हा पहारेकरी. याच फुलांच्या भरवशावर एकोणिसाव्या शतकात भरपूर हॉप घातलेली फिकट बिअर पिपांतून चार-सहा महिन्यांचा समुद्र ओलांडून मुंबईच्या बंदरात उतरत असे. साहेबांच्या क्लबात तिचे पेले भरले जात होते, तेव्हा दख्खनच्या ओढ्याकाठी एका रात्रीत, हॉपशिवाय, भट्टीशिवाय तयार होणारं पेय झाडाला टांगलेलं होतं.

आणि तिसऱ्या गड्याचं, त्या झायमोमोनासचं काय? इंग्रजी मद्यनिर्मात्यांनाही तो चांगला ओळखीचा आहे. पण शत्रू म्हणून. साखर घातलेल्या पिपात तो शिरला की कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो आणि सगळं पीप गटारात ओतावं लागतं. आपल्या मडक्यात ज्याला पाटावर बसवायचं, तोच तिकडच्या तळघरात चोर! हॉप त्याला अडवू शकत नाही. त्याला आवडते ती साखर, आणि ताडकुळातल्या झाडांचा रस म्हणजे त्याचं माहेर. एका सूक्ष्म जीवाचं पुण्य आणि पाप निव्वळ जागेवरून ठरतं, हे मला त्या तळघरात कळलं. आजीची केरसुणी आणि शिंदी यांचंही तेच होतं.

सोलापूरला तर शिंदीच्या झाडाचा इतिहास विसरून चालणार नाही. इंग्रज सरकारनं १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानं रस काढायला परवाना आणि झाडामागे कर लावला होता. ओढ्याकाठचं रानटी झाड सरकारी तिजोरीचं नळकांडं झालं. म्हणून १९३० च्या कायदेभंगात मीठ उचलणं आणि शिंदीची झाडं तोडणं हे हातात हात घालून आले. मे महिन्याच्या सुरुवातीला गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटलं. ८ मे रोजी जमाव रूपाभवानीच्या परिसरात शिंदीची झाडं तोडायला गेला. पोलिसांनी धरपकड केली, लोक सुटकेसाठी अडून बसले, गोळीबार झाला आणि त्यात तरुण शंकर शिवदारे पडला. पुढचे काही दिवस शहरात इंग्रजी अंमल नावालाही उरला नाही. मग मार्शल लॉ आला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फाशी दिलं गेलं. आज चार हुतात्मा पुतळ्यांसमोरून जाताना किती जणांना आठवतं की ठिणगी एका झाडापाशी पडली होती? डोळा एकच असलेलं झाड. शेंडा तुटला की पुन्हा फुटत नाही. ती कुऱ्हाड करावर होती, व्यसनावर होती, आणि पडलं ते झाड.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. त्यात नीरेची व्याख्या आहे: ताडकुळातल्या झाडांचा न आंबलेला रस. न आंबलेला तो नीरा, आंबला की ताडी. कायद्याला रेघ ओढावीच लागते, पण मडक्याला ती रेघ दिसत नाही. थेंब पडतो त्या क्षणी आंबणं सुरू झालेलं असतं. ते थोपवायला मडक्याला आतून चुन्याचा हात देतात. चुन्यानं रसाचं आम्ल मोडतं आणि यीस्टचे हात बांधले जातात. मग रस पटकन गार करून नीरा केंद्रावर आणायचा आणि ऊन चढायच्या आत विकायचा. गांधीजींनी ताडगुळाचा पुरस्कार केला त्यामागेही हेच शहाणपण होतं: झाडं राहू द्या, रस काढणाऱ्याचं पोट राहू द्या, फक्त घड्याळ सुरू व्हायच्या आत रस कढईत घाला.

जिवंत पेयाचं दुखणंही जिवंतपणातच असतं. झाडं कमी, चढणारे कमी, मागणी मात्र तशीच, असं झालं की काही ठिकाणी पाण्यात क्लोरल हायड्रेट मिसळून 'ताडी' तयार होते. १८३२ मध्ये युस्टुस फॉन लीबिगनं प्रयोगशाळेत बनवलेलं आणि पुढं झोपेचं औषध म्हणून वापरलेलं हे रसायन. महाराष्ट्रात आणि तेलंगणात त्यानं माणसं आजारी पाडली आहेत, मारलीही आहेत. त्या पेल्यात ना झाड असतं, ना यीस्ट. कान लावला तर काहीच ऐकू येत नाही.

इंग्लंडातही पिपातली बिअर मरायला टेकली होती, निराळ्या कारणानं. मोठ्या कंपन्यांनी ती गाळून, यीस्ट मारून, वायूच्या दाबानं ढकलायला सुरुवात केली. सोय मोठी, तळघर नको, कान लावणारा माणूस नको. १९७१ मध्ये इंग्लंडच्या वायव्य भागातल्या चार मित्रांनी याविरुद्ध 'काम्रा' ही चळवळ सुरू केली. त्यांच्या चळवळीनं पीप वाचलं, त्याबरोबर गल्लीतले कित्येक पब वाचले. कारण असं पेय गोदामात ठेवता येत नाही. ते विकायचं तर पीप सांभाळणारा कुणीतरी जवळ लागतो आणि तीन दिवसांत ७२ पाइंट रिचवणारा शेजारही लागतो. ओढ्याकाठच्या मडक्याचंही गणित हेच, फक्त मुदत एका दिवसाची. पेयाचं आयुष्य जितकं तोकडं, तितकी त्याच्याभोवतीची माणसं जवळची.

आम्ही वर आलो तेव्हा मधल्या दांड्याची बिअर संपली होती. बाईंनी दांड्यावरची नावाची पाटी उलटी फिरवली. पीप रिकामं झालं, अशी ती खूण. पेपरवाल्या म्हाताऱ्यानं मान वर करून पाहिलं आणि न बोलता पलीकडच्या दांड्याकडे बोट केलं.

सोलापूरला परतल्यावर त्या थंडीत मी पुन्हा अक्कलकोट रस्त्याला गेलो. ऊन वर आलं होतं, उशीर झाला होता. झाडाखालच्या कुंपणाच्या खुंटांवर मडकी पालथी घातलेली होती. विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. खोडावर एक खाच वाढलेली होती, ओली. मी ती मोजली आणि परत फिरलो.